वजनाच्या ऑपरेशननंतर किडनी कशी सांभाळाल?

अमरावतीत माझं मेडिकल आहे. तीन वर्षांपूर्वी एप्रिलात ताईचा फोन आला, "कंबर धरली रे, काहीतरी पाठव." मी दुकानातल्या पोराच्या हाती डायक्लोफिनॅकची एक पट्टी पाठवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. ताईचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन, म्हणजे गॅस्ट्रिक बायपास, होऊन तेव्हा पावणेदोन वर्षं झाली होती. ११२ किलोंवरून ती ७१ वर आली होती. शुगरच्या गोळ्या सुटल्या होत्या, बीपीची मात्र जुनीच चालू होती. बाहेर ४३ अंश ऊन आणि पाणी म्हणाल तर दिवसाला चार पेले. चौथ्या दिवशी ती ॲडमिट झाली. डाव्या मूत्रवाहिनीत ७ मिलिमीटरचा खडा, क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा चढला की किडनी मागे पडतेय समजायचं) २.९. पट्टीतल्या आठ गोळ्या संपल्या होत्या, आणि त्या कुठल्याच डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नव्हत्या.

ताईची किडनी सावरली. त्यानंतरच्या वर्षभरात मूत्रपिंडतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि आमचं स्वयंपाकघर यांच्याकडून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. डोस बदलायचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांना काय विचारायचं हे माहीत असलं की अर्धं काम होतं.

एक आधी सांगतो, नाहीतर हे वाचून कुणी ठरलेलं ऑपरेशन रद्द करायचं. लठ्ठपणात किडनीला सतत जादा काम पडतं आणि पुष्कळांच्या लघवीतून प्रथिनं जायला लागतात. वजन उतरलं की ती गळती बहुतेकांची कमी होते. १९८७ साली सुरू झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण ऑपरेशन न झालेल्यांपेक्षा कमी दिसलं. म्हणजे एकंदर हिशेबात ऑपरेशन किडनीच्या फायद्याचंच आहे. धोका येतो तो दोन वेळा. पहिल्या काही आठवड्यांत शरीर कोरडं पडतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी, सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना, ऑक्झलेट, म्हणजे भाज्यांतून येणारं आणि खडे धरणारं द्रव्य, साचायला लागतं.

तुमचं नेमकं कुठलं ऑपरेशन झालंय?

हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. "पोट लहान केलं" एवढंच सांगणारे बरेच भेटतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा मोठा भाग काढतात, आतड्याला हात लावत नाहीत. त्यात कोरडं पडण्याचा धोका आहे, पण ऑक्झलेटचा फारसा नाही. रू-एन-वाय बायपास किंवा मिनी बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा बराच भाग वगळून पुढे जातं, म्हणून खड्यांचा धोका वाढतो. ड्युओडिनल स्विचसारख्या, चरबी आणखीच कमी शोषली जाणाऱ्या ऑपरेशनांत तो सगळ्यात जास्त. १९६० आणि ७० च्या दशकांत जेजुनोइलियल बायपास नावाचं ऑपरेशन करत. त्यात आतड्याचा एवढा लांब तुकडा वगळायचे की खडे, किडनी निकामी होणं आणि यकृताचे आजार यांमुळे ते शेवटी बंद करावं लागलं. आजची ऑपरेशनं त्यापेक्षा कितीतरी सौम्य आहेत, पण मुळातली यंत्रणा तीच आहे.

ऑपरेशनच्या आधी

क्रिएटिनिन, लघवीची साधी तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन गळतंय ते यात कळतं) आणि पोटाची सोनोग्राफी, एवढे रिपोर्ट फाइलला लावून ठेवा. पुढे काही बिघडलं तर तुलनेला आधीचा आकडा लागतो. पूर्वी कधी खडा झाला असेल, अगदी वीस वर्षांपूर्वी "पडून गेला" असेल, तरी सर्जनना सांगा. त्यावरून ऑपरेशनचा प्रकारही बदलू शकतो.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी बंद करतात. त्या चालू राहिल्या आणि खाणं थांबलं, तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. तुमच्या पट्टीवर यातलं नाव असेल आणि कुणी विषय काढला नसेल, तर तुम्ही काढा.

पहिले सहा आठवडे: पाणी औषधासारखं मोजून

या काळात किडनी बिघडते ती बहुतेक वेळा पाणी कमी पडल्याने. नव्या पोटात एका वेळी जेमतेम दोन-चार घोट मावतात, त्यात जेवणासोबत पाणी प्यायचं नाही आणि जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. "तहान लागली की पिईन" म्हणणारा माणूस संध्याकाळपर्यंत अर्ध्या लिटरवर राहतो.

ताईने काढलेला उपाय मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं झाकण येतं ना, त्यातलं ३० मिलीचं मोठं झाकण घ्यायचं. दर पंधरा मिनिटांनी एक. तासाला १२० मिली, जागेपणीच्या चौदा तासांत १,६८० मिली. एवढं जमलं की लक्ष्य गाठलं. ताई एक लिटरची बाटली भरून ठेवायची आणि दुपारी एकच्या ठोक्याला ती निम्म्याच्या खाली आली का ते बघायची. साधं पाणी नको वाटलं तर बिनसाखरेचं लिंबूपाणी, पातळ ताक, डाळीचं वरचं पाणी चालतं. साखर घातलेलं सरबत टाळा. बायपासनंतर त्याने धडधड, घाम आणि जुलाब होतात, म्हणजे आत गेलेलं पाणी उलट बाहेर. हृदय किंवा किडनीचा आजार आधीपासून असेल, तर किती प्यायचं हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या.

पाणी पुरतंय का हे लघवी सांगते. रंग फिक्या लिंबूपाण्यासारखा असावा. कोऱ्या चहाचा रंग आला, दिवसात दोन-तीनदाच आणि थोडी झाली, उठून उभं राहताना अंधारी आली, तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. दिवसभर उलट्या होऊन पाणी टिकत नसेल तर सलाईन लागतं. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना तेव्हा एक वाक्य सांगायचं, "वजनाचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायचं का?" बरेच दिवस उलट्या झाल्या की बी-१ जीवनसत्त्व संपतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. विषय किडनीचा नाही, पण प्रसंग तोच असतो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पार्श्वभाग किंवा पाठीचे स्नायू भयंकर दुखत असतील आणि लघवी कोलासारखी काळपट असेल, तर लगेच सांगा. वजनदार माणूस टेबलावर बराच वेळ पडून राहिला तर दाबाने स्नायू फुटून त्यातलं द्रव्य किडनीत अडकू शकतं. हे क्वचित होतं, आणि सीपीके या रक्ततपासणीत कळतं.

औषधांचा डबा पुन्हा लावा

हा माझा धंदा, म्हणून इथे जरा थांबतो. वजन उतरतं तसं बीपीही उतरतं, पण गोळी जुन्या वजनाचीच चालू राहते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ही एरवी किडनीला जपणारी औषधं, पण शरीर कोरडं असताना तीच तिच्यावर ताण आणतात. पट्टीवर नावापुढे 'एच' हे अक्षर असेल तर त्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाईडही आहे. आता वरून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा एसिक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक घेतलं की तिन्ही मिळून किडनीचा रक्तपुरवठाच तोडतात. ताईची बीपीची गोळी 'एच'वालीच होती. तिसरं औषध मी पाठवलं.

घरी बीपी मोजून वहीत लिहा आणि पहिल्या दोन आठवड्यांतच गोळी कमी करायची का ते विचारा. शुगरच्या मेटफॉर्मिनबद्दलही तेच. वेदनाशामकांची ही सगळी जात बायपासवाल्यांना कायमची बंद, कारण आतड्याच्या नव्या जोडावर त्याने अल्सर होतो. दुखलं तर पॅरासिटामॉल. पण पट्टी उलटून वाचा. तापाच्या आणि अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन किंवा एसिक्लोफिनॅक मिसळलेलं असतं, आणि काउंटरवर "साधी दुखण्याची गोळी द्या" म्हटलं की हमखास तीच हातात पडते.

डबा आवरताना दोन चीजा बाजूला काढा. एक, चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. कोविडपासून लोकांना त्या गोळीबिस्किटासारख्या खायची सवय लागली आहे. जास्तीच्या 'सी'चं शरीरात ऑक्झलेट होतं. रोजच्या मल्टिव्हिटॅमिनमधलं पुरे. दुसरी, व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटची पुडी. ती साधारणपणे आठवड्याला एक असते. रोज एक घेऊन महिनाभरात तीस पुड्या संपवणारे मी स्वतः पाहिलेत. त्याने रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि किडनी बसते. आमच्याकडे आता पुडीवर मार्करने "रविवार" लिहूनच देतो.

ऑक्झलेट: पालकापासून उपासापर्यंत

ऑक्झलेट बऱ्याच भाज्यांत असतं. एरवी आतड्यातलं कॅल्शियम त्याला धरतं आणि दोघं शौचावाटे निघून जातात. बायपासनंतर चरबी नीट शोषली जात नाही. ती उरलेली चरबीच कॅल्शियमला धरून बसते, आणि ऑक्झलेट मोकळं सुटून मोठ्या आतड्यातून रक्तात शिरतं. ते बाहेर टाकायचं काम किडनीचं. लघवी कमी, त्यात खडा धरू न देणारं सायट्रेटही कमी, म्हणजे खडा जमायला सगळी तयारी झाली. क्वचित खडा न होता ऑक्झलेटचे स्फटिक किडनीच्या आतच रुततात. हे दुखत नाही, नुसतं क्रिएटिनिन चढत जातं, आणि ओळखायला उशीर झाला तर डायलिसिसपर्यंत जातं.

सगळ्यात वर पालक. १०० ग्रॅम पालकात अर्ध्या ग्रॅमहून जास्त ऑक्झलेट असतं. वजन उतरल्यावर लोकांना हिरव्या रसाचा नाद लागतो. मिक्सरमध्ये जुडीभर कच्चा पालक, बीट आणि मूठभर बदाम. बायपास झालेल्या माणसासाठी याहून वाईट पेला मला सुचत नाही. अळू घशाला खाजतं तेही ऑक्झलेटच्या सुयांमुळेच. राजगिऱ्याचा पाला, बीट, रताळं, शेंगदाणे, बदाम, तीळ, सोयाबीन, कोको आणि कडक कोरा चहा हेही याच यादीत. कमरख आणि बिलिंबी ही कोकण-गोव्याच्या परसातली आंबट फळं रस काढून मुळीच पिऊ नका. केरळात कोलेस्टेरॉल उतरवायला बिलिंबीचा रस पिऊन किडनी बंद पडलेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेले आहेत, आणि त्यांचं तर बायपासही झालेलं नव्हतं.

पण आपल्या आज्यांची एक युक्ती इथे कामी येते. पालकाची ताकातली भाजी. पालक उकळून ते पाणी ओतून टाकलं की विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं निघून जातं, आणि ताकातलं कॅल्शियम उरलेल्याला आतड्यातच धरतं. ताई पंधरवड्यातून एकदा अशी भाजी खाते, वरून दाणे न घालता. रोजच्याला दुधी, दोडका, पडवळ, कोबी, फुलकोबी, काकडी. कोऱ्या चहापेक्षा दुधाचा बरा, कारण तेच.

खरी अडचण उपासाची. साबुदाण्यात ऑक्झलेट नगण्य, पण खिचडीत वाटीभर दाण्याचा कूट, सोबत रताळ्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू, आणि पाणी कमी. खड्यासाठी मुद्दाम बेत आखल्यासारखं ताट! ताईने एकादशी सोडली नाही, ताट बदललं. वरीचे तांदूळ, दही, काकडीची कोशिंबीर बिनकुटाची, आणि पाणी रोजच्याइतकंच. हरतालिकेचा निर्जळी उपास मात्र बंद. आईला ते पटवायला मूत्रपिंडतज्ज्ञांचं नाव घ्यावं लागलं. रोजे ठेवणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं, निदान पहिल्या वर्षी तरी.

तळकट कमी करणं हाही ऑक्झलेटचाच उपाय आहे. आतड्यात चरबी कमी उरली की कॅल्शियम आपल्या कामाला मोकळं राहतं. तेलकट, दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारी शौच होत असेल तर चरबी वाया जातेय समजा आणि डॉक्टरांना सांगा. मीठ आवरा. प्रथिनं मात्र तोडू नका. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात, आणि पनीर, दही, अंडी, मासे यांत ऑक्झलेट जवळपास नसतं. किडनीचा आजार आधीपासून असेल तर हा आकडा वेगळा.

कॅल्शियम बंद करू नका

खडा कॅल्शियमचा निघाला म्हणून घरचे पहिल्यांदा कॅल्शियमची गोळी बंद करतात. इथे ते उलटं पडतं. गोळी जेवणासोबत घेतली तर तीच आतड्यात ऑक्झलेटला पकडते. बायपासवाल्यांना कॅल्शियम सायट्रेट लिहून देतात, कारण स्वस्तातलं कार्बोनेट शोषायला जठरातलं आम्ल लागतं आणि तेच आता कमी झालेलं असतं. सायट्रेट खडा धरण्यालाही आडवं येतं.

आकडा वाचताना फसू नका. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम हवं म्हणतात ते 'एलिमेंटल', म्हणजे गोळीतलं निव्वळ कॅल्शियम. १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेटमध्ये ते जेमतेम २१० असतं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, दिसत नसेल तर केमिस्टला वाचायला लावा. एका वेळी ५०० ते ६०० च्या वर शोषलं जात नाही, म्हणून तीन जेवणांना वाटून घ्या. लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब.

तपासण्या, आणि क्रिएटिनिनची फसवणूक

पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे दरवर्षी, जन्मभर. क्रिएटिनिन हे स्नायूंतून येतं. चाळीस किलो उतरताना चरबीसोबत स्नायूही जातात, त्यामुळे किडनी तीच असली तरी आकडा सुधारल्यासारखा दिसतो. ०.९ वरून ०.६ झालं म्हणून पेढे वाटू नका, आणि ०.६ वरून पुन्हा ०.९ झालं तर "नॉर्मलमध्ये आहे" म्हणून सोडूही नका. ती वाढ दीडपट आहे. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर न अवलंबणारी तपासणी करून घेता येते. लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी बघा.

बायपास झालेल्यांनी, विशेषतः पूर्वी खडा झालेल्यांनी, चोवीस तासांच्या लघवीची तपासणी एकदा तरी करावी. ती करताना निम्मे लोक चुकतात, म्हणून सविस्तर सांगतो. घरी असाल असा दिवस निवडा, रविवार बरा. व्हिटॅमिन सी काही दिवस आधीपासून बंद करायचं का ते लॅबला विचारा. लॅब एक मोठा कॅन देते आणि ऑक्झलेटसाठी त्यात बऱ्याचदा आधीच आम्ल घातलेलं असतं, तेव्हा त्यात थेट लघवी करायची नाही, ते अंगावर उडतं. वेगळा मग ठेवायचा आणि त्यातून हळू ओतायचं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी संडासात जाऊ द्या आणि वेळ लिहा, समजा ६:४०. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी ६:४० ची पहिली धरून. एक जरी निसटली तरी लॅबला सांगा, खोटं भरू नका. कॅन सावलीत, गार जागी. आणि त्या दिवशी मुद्दाम जास्त पाणी पिऊन रिपोर्ट सजवू नका. ताईने पहिल्यांदा तेच केलं होतं, मग सगळं पुन्हा करावं लागलं.

रिपोर्टमध्ये तीन ओळी बघा. एकूण लघवी दोन ते अडीच लिटर हवी. ऑक्झलेट साधारण ४० ते ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. ताईचं ८८ आलं होतं. सायट्रेट ३२० च्या खाली असेल तर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात. बायपासवाल्यांनी ते पातळ औषधाच्या रूपात मागावं, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या लहान झालेल्या वाटेतून पुरत्या विरघळण्याआधीच पुढे सरकतात. चार महिन्यांनी ताईचं ऑक्झलेट ५१ वर आलं. अजून जास्तच आहे, पण लघवी २.३ लिटर होते, त्यामुळे ते पातळ होऊन निघून जातं.

कळ आली तर

कुशीतून जांघेकडे उतरणारी, लाटांसारखी येणारी कळ, मळमळ, लालसर लघवी: खडा सरकतोय. पॅरासिटामॉल घ्या आणि त्याच दिवशी दाखवा. सोबत थंडी-ताप असेल किंवा लघवी बंद झाली असेल, तर रात्रीचे दोन वाजले तरी हॉस्पिटल गाठा. अडलेल्या किडनीत पू झाला तर काही तासांत जिवावर बेततं, आणि तिथे आधी नळी टाकून वाट मोकळी करावी लागते. पानफुटीचा रस आणि भस्मांच्या पुड्या यात वेळ घालवू नका. भस्मांत शिसं, पारा निघाल्याची उदाहरणं आहेत.

ताई ॲडमिट झाली तेव्हा आपत्कालीन विभागात मी घाईत "बायपास झालाय" म्हणालो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी लगेच ईसीजी लावला आणि छातीवर टाके शोधायला लागले! बायपास म्हटलं की आपल्याकडे हृदयच. आता ताईच्या पर्समध्ये आधारकार्डामागे एक कार्ड असतं, माझ्याच अक्षरात: "पोटाचा (गॅस्ट्रिक) बायपास, तारीख अमुक. एकदा खडा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये. उलट्या असतील तर ग्लुकोजआधी थायमिन. शेवटचं क्रिएटिनिन ०.७." शेवटचा आकडा पेन्सिलने लिहिलाय, दरवर्षी खोडून नवा लिहायचा असतो म्हणून.